हिवाळ्यात ऑइल कॅच कॅनमध्ये पांढरट घाण : हेड गॅसकेट गेलं की थंडीचा खेळ?

नागाळा_पार्क (धागाकर्ता)

मंडळी, गाडी टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनवाली. वॉरंटी संपलेली आहे, त्यामुळे त्या बाजूची भीती नाही. उन्हाळ्यात ऑइल कॅच कॅन बसवून घेतला, म्हणजे इंजिनाच्या ब्रीदरमधून निघणाऱ्या वायूतलं ऑइल अडवणारा छोटा डबा. ब्रीदरचा पाइप आधी कॅनमध्ये आणि तिथून परत इनटेकला, म्हणजे बंद सर्किट. हवेत काही सोडलेलं नाही. पावसाळाभर कॅन उघडला की तळाला काळपट ऑइल आणि पेट्रोलचा वास, एवढंच असायचं.

डिसेंबर लागला आणि चित्र पालटलं. आता ड्रेन कॉक सोडला की आधी चक्क पाणी येतं आणि मागून दुधी चहाच्या रंगाचं, घट्ट, फेसाळ काहीतरी. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही तोच लेप. बोटानं पुसला तर खाली झाकण स्वच्छ.

एका गॅरेजला दाखवलं. त्यांनी झाकण बघितलं आणि लगेच निकाल दिला, "साहेब, हेड गॅसकेट गेलंय, इंजिन खोलावं लागंल." म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं सील जाऊन कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय, असं त्यांचं म्हणणं. डिपस्टिक काढायचीही तसदी घेतली नाही. खर्चाचा आकडा इथं लिहीत नाही, घरात वाचतात.

गाडी नागाळा पार्क ते लक्ष्मीपुरी, दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबत थांबत जाते आणि संध्याकाळी तशीच परत येते. ओढायला व्यवस्थित आहे, धूर नाही. काय करावं?

उद्यमनगर_लेथ

खोलू नका. आधी डिपस्टिक काढा, पांढऱ्या फडक्यावर पुसा आणि उजेडात बघा. ऑइल काळं-तपकिरी, पारदर्शक दिसलं तर निम्मं काम झालं. मग कूलंटच्या टाकीवर खूण करा. इंजिन गार असताना, रोज सकाळी त्याच जागेवर गाडी असताना बघायचं. पातळी हलली नाही, टाकीत तेलाचा तवंग नाही, इंजिन चालू असताना बुडबुडे नाहीत, सायलेन्सरमधनं गोडसर वासाचा पांढरा धूर नाही, तर गॅसकेटचं नाव काढायचं कारण नाही.

झाकणाला लेप आला म्हणून हेड उतरवायचं तर थंडीत निम्म्या कोल्हापूरची इंजिनं बाकड्यावर येतील की ओ.

फोर_बाय_फोर_बंड्या

नाद खुळा! एवढे पैसे घालून बाटली लावली आणि आता बाटलीत घाण साठली म्हणून तक्रार. मग ती कशासाठी लावली होती मर्दा?

केमिस्ट्रीवाली

बंड्या, थट्टेत का होईना, मुद्दा बरोबर आहे तुमचा.

पाणी येतं कुठून, हे आधी बघू. पेट्रोल म्हणजे हायड्रोकार्बन. जळलं की त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. ऑक्टेन धरून हिशेब केला तर ११४ ग्रॅमला १६२ ग्रॅम पाणी. म्हणजे १ लिटर पेट्रोल जाळलं की जवळपास १ लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं. थंडीत सकाळी गाड्यांच्या मागून टपटप पाणी गळतं ते हेच.

पण पिस्टन रिंग कितीही चांगल्या असल्या तरी दाबाखालचा थोडा वायू त्यांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या पोकळीत) उतरतो. त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं आणि खालच्या ऑइलचे बारीक तुषारही मिसळतात. हा वायू साठू दिला तर दाब वाढून सील फुटतील, म्हणून तो परत इनटेकमध्ये ओढून जाळतात. ही पीसीव्ही पद्धत. पूर्वी एक नळी सरळ रस्त्याकडे सोडलेली असायची. कॅलिफोर्नियात १९६१च्या मॉडेलांपासून ते बंद झालं, पुढे सगळीकडेच.

आता हा गरम, दमट वायू थंड कॅनमध्ये शिरला की वाफेचं पाणी होतं. ऑइलच्या तुषारांबरोबर ते घुसळलं जातं आणि इमल्शन तयार होतं. तुमची "पांढरी घाण" ती हीच. पावसाळ्यात बोनेटखालची हवा दमट असली तरी कॅन इतका गार पडत नव्हता. आता पहाटे पारा १४-१५ पर्यंत उतरतोय, कॅनच्या भिंतीही तेवढ्याच गार.

खात्री करायची असेल तर काढलेला माल काचेच्या बरणीत घालून रात्रभर ठेवा (स्वयंपाकघरापासून लांब). खाली पाणी, वर ऑइल आणि मध्ये न फुटलेलं इमल्शन असे थर दिसतील. खालच्या थराला कूलंटचा रंग आणि चिकटपणा असेल तर मात्र गॅसकेटकडे संशयानं बघा.

शिरोली_सेकंड_शिफ्ट

मॅडम, माझी सीएनजी आहे. कॅन-बिन काही नाही, कंपनीतनं आली तशी. तरी झाकणाला लेप दर थंडीत येतो, पेट्रोलवाल्या मित्रांपेक्षा जास्तच. सर्व्हिसवाले म्हणतात नॉर्मल आहे. पटत नव्हतं.

केमिस्ट्रीवाली

पटवून घ्या. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, त्यात हायड्रोजनचं प्रमाण सगळ्यात जास्त. १६ ग्रॅम मिथेनचं ३६ ग्रॅम पाणी होतं, म्हणजे १ किलो गॅसमागे सव्वादोन किलो. लेप जास्त दिसणारच. एक फायदाही आहे: गॅस ऑइलमध्ये पेट्रोलसारखा मिसळून ते पातळ करत नाही.

पन्हाळा_रोड

आणि ई-२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं, काय? इथेनॉल पाणी ओढून घेतं म्हणतात. ऊस आपला, कारखाने आपले, पण झाकणाखाली लोणी नको.

केमिस्ट्रीवाली

जळून होणारं पाणी इथेनॉलमुळे फार वाढत नाही. १ लिटर इथेनॉलचं पाणी १ लिटरपेक्षा थोडं कमीच होतं, पण त्यात ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, त्यामुळे तेवढ्याच अंतराला इंधन जास्त लागतं. ई-२० चा एकूण हिशेब केला तर पाणी पाचेक टक्के वाढेल. खरी गोम गार इंजिनात आहे. सकाळी स्टार्ट केल्यावर जास्तीचं इंधन सोडलं जातं, ते भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं. इथेनॉल आणि पाणी दोन्ही तिथं असले की इमल्शन जास्त टिकून राहतं. ऑइल नीट तापलं तर दोन्ही उडून जातात.

उद्यमनगर_लेथ

तेच सांगणार होतो. ऑइल तापतच नाही हो यांचं. नागाळा पार्क ते लक्ष्मीपुरी म्हणजे इंजिनाला जांभई द्यायलाही वेळ मिळत नाही. काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट तापला, ऑइल अजून बरंच मागं असतं. संपमधलं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल ९० अंशांच्या आसपास जाऊन थोडा वेळ तिथं राहिलं पाहिजे, तेव्हा पाणी निघतं.

आठवड्यातनं एकदा गाडी कागलपर्यंत हायवेनं न्या, नाहीतर वाघबीळच्या चढानं पन्हाळ्यावर. झुणका-भाकर खाऊन या. गळीत हंगाम चालू आहे, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकायचं नसेल तर सकाळी लवकर निघा.

जागच्या जागी इंजिन चालू ठेवून तापवू नका. रिकाम्या चालीवर ऑइल तापायला फार वेळ लागतो आणि तोपर्यंत पेट्रोल खाली उतरतच राहतं.

नागाळा_पार्क

डिपस्टिक फडक्यावर पुसून बघितली, ऑइल स्वच्छ तपकिरी. कूलंटची खूण केली आहे, अजून हललेली नाही. बरणीचा प्रयोगही केला (बरणी आता गच्चीवर आहे, त्यावरून वेगळा धागा निघेल). खाली पाणी, बिनरंगी. वरच्या ऑइलला पेट्रोलचा वास.

पन्हाळा_रोड

सुटलात. तरी दुसऱ्या गॅरेजमध्ये कूलंटची प्रेशर टेस्ट आणि ती निळ्या पाण्याची टेस्ट करून घ्या. कूलंटच्या टाकीवरची हवा त्या निळ्या द्रावणातून ओढतात, त्यात जळालेला वायू असेल तर रंग पिवळा होतो. हेड उतरवण्यापुढं हा खर्च काहीच नाही.

फोर_बाय_फोर_बंड्या

आता माझी खरी शंका. कंपनीनं हेड कव्हरमध्ये ऑइल सेपरेटर दिलेलाच असतो. मग वर ही बाटली कशाला? माझ्या जुन्या गाडीनं बिनबाटलीचं निम्मं आयुष्य काढलं.

पन्हाळा_रोड

तुझी जुनी गाडी पोर्ट इंजेक्शनची. पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागं फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जातात. तिला कॅनची गरज नाही, पैसे टायरला घाल. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही आणि ब्रीदरमधून आलेलं ऑइल तिथं भाजून कार्बन धरतं. जास्त झाला की इनटेक काढून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून साफ करतात. कॅननं हे पूर्ण थांबत नाही, कमी होतं. आधीच बसलेला कार्बन तर त्यानं मुळीच निघत नाही. विकणारे काहीही सांगतात.

डिझेलला वेगळंच दुखणं. ईजीआरमधून (सायलेन्सरकडचा थोडा वायू परत इंजिनात फिरवतात त्यातून) काजळी येते, ब्रीदरमधून ऑइल येतं, दोन्ही मिळून मॅनिफोल्डमध्ये डांबर. तिथं चांगल्या सेपरेटरचा उपयोग होतो.

आप्पा_इंजिनवाले

तुम्हा पोरांची चर्चा वाचतोय. आमच्या उमेदीत उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनायची, गावोगाव विहिरीवर आणि गुऱ्हाळावर जायची. ब्रीदर उघडाच. इंजिनघराची त्या बाजूची भिंत कंबरेएवढ्या उंचीवर काळी पडलेली असायची, तेवढ्यावरनं इंजिन कुठं ठेवलं होतं ते कळायचं. रिंगा बघायला इंजिन कोण खोलतंय? ब्रीदरवर तळहात धरायचा. हात नुसता ओलसर झाला तर ठीक. भकभक ढकलायला लागलं आणि तळहातावर ऑइलचे ठिपके आले तर रिंगा गेल्या.

तुमच्या कॅनमध्ये पाण्याऐवजी नुसतं ऑइलच भराभर साठायला लागलं तर तीच परीक्षा समजा. बाटली मोठी करून रिंगा नव्या होत नाहीत.

शिरोली_सेकंड_शिफ्ट

आप्पा, आताच्या पेट्रोल गाडीत चालू इंजिनचं झाकण काढलं तर आयडल वरखाली होतं. बाहेरची हवा ओढली जाते म्हणून. तो दोष नाही ना?

आप्पा_इंजिनवाले

नाही. पण झाकण उडायला लागलं तर बोलाव मला.

उद्यमनगर_लेथ

कॅनबद्दल दोन शब्द, कारण असली कामं आमच्याकडं येतात. बरेच स्वस्त कॅन म्हणजे नुसता रिकामा डबा, दोन निपल आणि रंग. एका निपलनं वायू आत येतो, दुसऱ्यानं जसाच्या तसा बाहेर. आत आडवी पत्री पाहिजे, जाळी पाहिजे, म्हणजे वायू वळणं घेत जातो, पत्र्याला आपटतो, गार होतो आणि थेंब खाली पडतात. काही जण डब्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबतात. ते करू नका. तिचे तुकडे सुटतात, आणि पुढचा रस्ता थेट टर्बोत आणि सिलिंडरमध्ये. जाळी स्टेनलेसची, मागंपुढं पत्र्यानं पक्की अडवलेली हवी.

पाइप ऑइलला टिकणाराच घ्या. साधा पाण्याचा रबरी पाइप ऑइलनं फुगतो, मऊ पडतो आणि व्हॅक्यूम आला की चपटा होतो. वरनं सगळं ठीक दिसतं, आत वाट बंद.

टर्बो असेल तर बसवणाऱ्याला विचारा की नळी कुठली तोडली. हळू चालीवर वायू पीसीव्हीतनं मॅनिफोल्डला जातो आणि बूस्टमध्ये टर्बोच्या आधीच्या पाइपला. एकच वाट कॅनमधनं घेतली तर निम्मंच काम होतं. मॅनिफोल्डकडच्या वाटेवर चेक व्हॉल्व्ह नसेल तर बूस्टचा दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरतो.

एक_वाचक

छोटा फिल्टर लावून कॅन हवेत उघडा सोडला तर? इनटेक कायमचं स्वच्छ.

पन्हाळा_रोड

आणि केबिनमध्ये ऑइलचा वास कायमचा. शिवाय गाडीला मान्यता मिळतानाच क्रँककेसचा वायू बाहेर सुटत नाही याची चाचणी झालेली असते. उघडा सोडलात तर ती गाडी त्या मान्यतेत बसत नाही. पीयूसीच्या नळीला ते कळत नाही म्हणून ते चालतं असं नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर बंद सर्किटचा कॅनसुद्धा लावू नका. इंजिनाच्या कुठल्याही तक्रारीवर पहिलं बोट त्याच्याकडंच जाईल.

नागाळा_पार्क

सगळ्यांचे आभार. दोन्ही टेस्ट झाल्या, गॅसकेट ठणठणीत आहे. पन्हाळा दोनदा झाला, झाकणाचा लेप जवळपास गेला. कॅनमध्ये अजून पाणी येतंय, पण कमी.

आता पुढचा प्रश्न. फेब्रुवारीत मित्रांबरोबर शिमला-किन्नौरमार्गे काझाला जायचं ठरतंय. तिथं उणे २० म्हणतात. कॅनला काही होईल का?

टाकळीचा_फौजी

होईल. काढून ठेवा.

जरा सविस्तर सांगतो. नोकरी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्तीच्या विभागात झाली, त्यातली बरीच वर्षं वर डोंगरातच. कोल्हापुरात पाणी कॅनमध्ये पाणीच राहतं. तिथं त्याचा बर्फ होतो. संध्याकाळी गाडी उभी केली की कॅनच्या तळाला आणि पाइपच्या खोलगट भागात जे पाणी उरतं ते रात्रीत गोठतं. सकाळी स्टार्ट मारला की ब्लो-बायला जायला वाट नाही. दाब वाढतो आणि जिथं कमजोर जागा सापडेल तिथनं बाहेर पडतो. नशीब चांगलं असेल तर डिपस्टिक वर उचलली जाते आणि ऑइलचा फवारा बोनेटखाली बसतो. नाहीतर मागचं क्रँक सील जातं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. काझात कुठं उतरवणार?

चालत्या गाडीतही होतं. पाइपवर उणे तापमानाचा वारा लागला की आतली वाफ निपलच्या तोंडाशी बर्फ होऊन धरते आणि भोक हळूहळू बारीक होत जातं. एका पर्यटकाच्या गाडीत मी हे डोळ्यांनी बघितलं. पाइप उपटला तर आत बोटभर लांबीचा पांढरा बर्फाचा बुच, ऑइलनं पिवळसर झालेला. कॅन पुढं जाळीच्या मागं बसवला होता, चांगला गार राहावा म्हणून.

बघा, कॅनचं सगळं काम गारव्यावर चालतं. कोल्हापुरात तो जितका इंजिनापासून लांब आणि वाऱ्यावर, तितका जास्त माल पकडणार. वर नेमकं उलटं. तिथं कंपनीचा मूळ पाइप बरा, तो आखूड असतो आणि इंजिनाला चिकटून गरम राहतो. अति थंड देशांत जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना तर पीसीव्हीपाशी हीटर देतात.

नागाळा_पार्क

मेजर, काढायचाच नसेल तर? परत बसवायची कटकट वाटते.

टाकळीचा_फौजी

काढायला फार वेळ लागत नाही साहेब, पण राहू द्यायचाच असेल तर इंजिनाजवळ हलवा. पाइप आखूड ठेवा, कुठं झोळ नको, कॅनकडं सरळ उतार हवा. वरनं फोमचं वेष्टण. आणि रोज मुक्कामाला पोचल्यावर इंजिन गरम असतानाच ड्रेन कॉक सोडायचा, चहा नंतर. सकाळी स्टार्टनंतर आयडल विचित्र वाटलं, शिट्टीसारखा आवाज आला किंवा ऑइलचा वास आला तर लगेच बंद करा, रेस करू नका.

बरोबर डिझेल गाडी असेल तर तिच्या मालकाला वेगळं सांगा. खालून भरून नेलेलं डिझेल वर घट्ट होतं. लडाखसाठी २०१९ पासून उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आलंय, पण वाटेत ते कुठल्या पंपावर मिळतं हे आधी विचारून निघा.

फोर_बाय_फोर_बंड्या

म्हणजे माझी बिनबाटलीची जुनी गाडी काझाला सरस ठरणार. लिहून ठेवा सगळ्यांनी.

टाकळीचा_फौजी

बॅटरी नवी टाका आणि या.

शिरोली_सेकंड_शिफ्ट

अवांतर : कॅनमधनं काढलेला माल परत इंजिनात ओततात असं एका व्हिडिओत बघितलं. "ऑइल वाया कशाला" म्हणे.

केमिस्ट्रीवाली

अजिबात नको. त्यात पाणी, पेट्रोल आणि जळण्यातून आलेली आम्लं आहेत. इंजिननं बाहेर काढलेलं परत त्याच्या पोटात घालू नका. गटारात किंवा झाडाच्या बुंध्यातही नको. कॅनमधला माल जळक्या ऑइलसारखाच धोकादायक कचरा आहे. ऑइल बदलाल तेव्हा काढलेल्या जुन्या ऑइलच्या डब्यात टाकून गॅरेजला द्या, ते पुढं गोळा करणाऱ्याकडे जातं. आणि कॅनमध्ये गेलेलं ऑइल संपमधून वजा झालेलं असतं, म्हणून पातळीवर लक्ष ठेवा.

उद्यमनगर_लेथ

कॅन गच्च भरू देऊ नका, हे राहिलंच. थंडीत पाण्यामुळे नेहमीपेक्षा लवकर भरतो. काठोकाठ भरलेला कॅन जोरात वेग घेताना एकदम ओढला गेला तर धूर, मिसफायर, सगळा तमाशा. आम्ही बाजूला पारदर्शक नळी लावून देतो, बोनेट उघडलं की पातळी दिसते.

नागाळा_पार्क

ठरलं. निघायच्या आधी कॅन उतरवून मूळ पाइप लावतो. फक्त मूळ पाइपची एक क्लिप बसवताना हरवली आहे. उद्यमनगरात मिळेल का?

उद्यमनगर_लेथ

मिळेल. पण स्क्रूची जुबली क्लिप लावू नका, प्लॅस्टिकचा निपल आवळून फुटतो. स्प्रिंगची घ्या, कंपनी देते तसली. येताना पाइपच घेऊन या, मापाला लावूनच देतो. दुपारी जेवायला शॉप बंद असतं, चारनंतर या.